कार्डावरचा मोठा आकडा

मेमरी कार्डावर जो आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो, तो बहुतेक वेळा वाचनाचा वेग असतो. म्हणजे कार्डातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेताना मिळू शकणारा वेग, आणि तोही कार्ड रीडर त्या तोडीचा असला तर. कॅमेऱ्याला गरज असते लिहिण्याच्या वेगाची. तो आकडा पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत असतो, नाहीतर नसतोच. कार्ड बनवणाऱ्यांवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी.

हे लिहायला निमित्त झाला भाचा. त्याचा मेसेज आला, "मावशी, २००वालं घेऊ का १००वालं? दोन्ही १२८ जीबी आहेत." मी विचारलं, "कशात घालणारेस?" तर म्हणे, "कशात म्हणजे? कार्ड ते कार्ड!" मी पक्ष्यांचे फोटो काढत फिरते, रेकॉर्डर घेऊन त्यांचे आवाजही टिपते, त्यामुळे घरात असले प्रश्न माझ्याकडेच येतात. त्याला तेव्हा दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण ज्याच्या मावशीच्या टेबलाच्या खणात एकमेकांच्या स्लॉटमध्ये न बसणारी अर्धा डझन जातींची कार्डं पडली आहेत, त्याने "कार्ड ते कार्ड" म्हणावं, हे काही पचेना.

खणातलं सगळ्यात दणकट कार्ड म्हणजे कॉम्पॅक्टफ्लॅश. सॅनडिस्कने ते १९९४ साली आणलं. ४३ बाय ३६ मिलीमीटरचा चांगला हाताला लागणारा चौकोन, आणि एका कडेला पन्नास बारीक भोकं. कॅमेऱ्याच्या आत पन्नास पिना उभ्या असतात, त्यांवर कार्ड दाबून बसवायचं. घाईत तिरकं घातलं की पिन वाकलीच, आणि मग वांधे कार्डाचे नसतात, कॅमेऱ्याचे असतात. पण या कार्डाची एक गोष्ट मला फार आवडते. त्याच्या पोटात स्वतःचा कंट्रोलर, म्हणजे डेटा कुठे ठेवायचा हे ठरवणारा मेंदू असतो आणि ते बाहेरच्या यंत्राशी हार्ड डिस्कच्याच भाषेत बोलतं. आतली चिप कुठली, डेटा कुठे ठेवलाय, याची यंत्राला पंचाईत नाही. म्हणूनच मेगाबाइटच्या जमान्यात जन्मलेलं हे कार्ड पुढे कित्येक गीगाबाइटपर्यंत टिकलं. १९९९ साली आयबीएमने याच मापात खरोखरची फिरणारी हार्ड डिस्क बसवली होती, तिचं नाव मायक्रोड्राइव्ह. एक इंचाची तबकडी, ३४० एमबी. कानाजवळ धरली तर फिरताना ऐकू यायची.

याच्या अगदी उलट स्मार्टमीडिया. तोशिबाचं, १९९५चं. जाडी एक मिलीमीटरही नाही, आणि आत कंट्रोलरच नाही, नुसती चिप. सगळी अक्कल कॅमेऱ्यात असायला हवी. परिणाम असा, की जास्त क्षमतेचं कार्ड बाजारात आलं तरी जुन्या कॅमेऱ्याला ते कळायचं नाही. १२८ एमबीच्या पुढे ते गेलंच नाही. मग ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी मिळून २००२ साली एक्सडी कार्ड काढलं, त्यातही कंट्रोलर नव्हता, ते २ जीबीला येऊन थांबलं. सोनीची मेमरी स्टिक १९९८ची. तिची पुढे इतकी पिल्लं झाली, की मेमरी स्टिक, प्रो, ड्युओ, प्रो ड्युओ, मायक्रो यांत कोणती कशात चालते हे सांगायला वेगळा तक्ता लागायचा. २०१०च्या सुमारास या कंपन्यांनीही आपले हट्ट सोडले आणि एसडीचे स्लॉट द्यायला लागल्या. तरी खोड जाते थोडीच. सोनीने त्यानंतरही पीएस व्हिटा या हातातल्या गेम यंत्रासाठी निराळंच कार्ड काढलं, जे इतर कशातच चालत नाही.

एसडी कार्ड १९९९चं. मात्सुशिता म्हणजे आजची पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा या तिघांनी मिळून आणलेलं. त्याआधी मल्टिमीडिया कार्ड होतं, त्याचीच लांबी-रुंदी ठेवून जाडी १.४ वरून २.१ मिलीमीटर केली, दोन पिना वाढवल्या. जाता जाता एक गंमत. एसडीच्या चिन्हातलं 'डी' अक्षर तबकडीसारखं दिसतं, ते का? तर ते चिन्ह मुळात तोशिबाच्या एका ऑप्टिकल डिस्कसाठी काढलेलं होतं. डीव्हीडीच्या शर्यतीत ती डिस्क मागे पडली, चिन्ह शिल्लक राहिलं, ते कार्डाला लावलं. ज्यात काहीच फिरत नाही अशा वस्तूवर आपण इतकी वर्षं तबकडी बघतोय.

एसडीच्या डाव्या कडेला ते सरकणारं बारकं बटण असतं ना, कुलपाचं, त्याला आतून एकही तार नाही. ते सरकवल्याने कार्डाला काहीही कळत नाही. स्लॉटमधला एक छोटा खटका फक्त पाहतो, की कडेची खाच भरलेली आहे का मोकळी. मोकळी असली की यंत्र समजतं, यावर लिहायचं नाही. त्यामुळे बटण तुटून पडलं की कार्ड कायमचं कुलूपबंद झाल्यासारखं वागतं, आणि खाचेवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावला की पुन्हा सुरळीत चालतं. कित्येकांनी असली कार्डं 'खराब झाली' म्हणून फेकून दिली असतील.

मायक्रोएसडी हे त्याच घराण्यातलं धाकटं. १५ बाय ११ मिलीमीटर, जाडी एक मिलीमीटर. २००४ साली सॅनडिस्कने ते ट्रान्सफ्लॅश या नावाने आणलं आणि पुढच्या वर्षी त्याचं मायक्रोएसडी झालं. मधल्या मध्ये मिनीएसडी नावाचं एक कार्ड होतं, ते कधी आलं आणि कधी गेलं हे बहुतेकांना कळलंही नाही. मायक्रोएसडी ज्या अडॅप्टरमध्ये घालून आपण कॅमेऱ्यात टाकतो, त्या अडॅप्टरमध्ये काही नसतं, फक्त इकडच्या पट्ट्या तिकडे जोडलेल्या असतात. वेग त्यामुळे वाढत नाही.

आता एक मायक्रोएसडी घ्या आणि भिंगाखाली धरा. माझ्यासमोर आत्ता आहे त्यावर नखाएवढ्या जागेत हे सगळं छापलंय: कंपनीचं नाव, १२८ जीबी, एक्ससी, रोमन एक, इंग्रजी 'सी'च्या पोटात १०, 'यू'च्या पोटात ३, व्ही३०, ए२. यातलं प्रत्येक चिन्ह वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि निम्मी चिन्हं तेच ते परत सांगतात.

एक्ससी म्हणजे एसडीएक्ससी. ही क्षमतेची पायरी. साधं एसडी २ जीबीपर्यंत, एचसी ३२ जीबीपर्यंत (२००६ साली आलं), एक्ससी २ टीबीपर्यंत (२००९), आणि २०१८ साली कागदावर आलेलं यूसी १२८ टीबीपर्यंत. नव्या यंत्रात जुनं कार्ड चालतं, जुन्या यंत्रात नवं चालेलच असं नाही. माझ्या एका जुन्या रेकॉर्डरला २ जीबीच्या पुढचं जग माहीतच नाही. एचसी घातलं की तो सरळ 'कार्ड नाही' म्हणतो. एचसी आणि एक्ससीमधली भिंत मात्र तेवढी पक्की नाही. तिथे फरक मुख्यतः फाइल सिस्टिमचा, म्हणजे कार्डावर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीचा. एचसीवर फॅट३२ असतं, एक्ससीवर एक्सफॅट. एचसीच्या काळातली बरीच यंत्रं ६४ जीबीचं कार्ड फॅट३२मध्ये फॉरमॅट करून दिलं तर गुमान घेतात, कंपनी तशी हमी देत नसली तरी. फक्त फॅट३२मध्ये एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. लांबलचक व्हिडिओचे कॅमेऱ्याने मधेच तुकडे का पाडले, याचं उत्तर पुष्कळदा तिथे असतं.

'सी'तला १० म्हणजे सलग लिहिताना वेग सेकंदाला १० मेगाबाइटच्या खाली जाणार नाही. 'यू'तला १ म्हणजेही १०. व्ही१० म्हणजेही १०. एकाच गोष्टीला तीन चिन्हं, कारण तीन वेगवेगळ्या वेळी नियम केले आणि जुने काढून टाकायची हिंमत कोणी केली नाही. 'यू'तला ३ आणि व्ही३० दोन्ही सेकंदाला ३० मेगाबाइट. पुढे व्ही६० आणि व्ही९०. मोठ्या टायपातल्या आकड्यापेक्षा माझा भरवसा या बारक्या चिन्हांवर जास्त, कारण ही किमान वेगाची हमी असते. मोठा आकडा 'इतक्यापर्यंत जाऊ शकतो' एवढंच सांगतो. व्हिडिओला कमाल वेग काय चाटायचाय? मधे एकदा जरी वेग पडला तरी रेकॉर्डिंग थांबतं.

इथेच बिट आणि बाइटचा घोळ होतो. कॅमेरा सांगतो, ४के व्हिडिओ १०० मेगाबिटने रेकॉर्ड होतो. कार्डावर आकडे मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून आठने भागा, १२.५ मेगाबाइट झाले. व्ही३० कार्डाला हे अगदी सहज जमतं. ४०० मेगाबिटचा व्हिडिओ असेल तर ५० मेगाबाइट, म्हणजे व्ही६० हवं. हा भागाकार केल्याशिवाय व्ही९० घेणारे लोक मी पाहिलेत, आणि त्यांचा कॅमेरा १०० मेगाबिटच्या वर जातच नाही.

मग रोमन एक. त्याचा अर्थ यूएचएस-एक, म्हणजे कार्ड आणि यंत्र यांच्यातला रस्ता. या रस्त्याची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट. आता कुणीही विचारेल, की मग यूएचएस-एक कार्डावर १७० किंवा २०० कसं काय छापतात? तर कंपन्यांनी नियमाबाहेर जाऊन स्वतःची युक्ती बसवलेली असते, आणि ती साधारणपणे त्याच कंपनीच्या खास रीडरमध्ये चालते. कॅमेरा, फोन किंवा हातातलं गेम यंत्र यूएचएस-एकच्या नियमाने चालत असेल, तर त्यात हे दोनशेचं कार्डही १०४च्या आतच राहणार. भाच्याला मी हेच सांगितलं. त्याला ते स्टीम डेक या हातातल्या गेम यंत्रात घालायचं होतं आणि त्याचा स्लॉट यूएचएस-एकच आहे. "मग ते दोनशे?" म्हणाला. ते दोनशे तुझ्यासाठी नाहीच रे बाबा.

यूएचएस-दोन कार्ड ओळखायला चिन्ह वाचायचीही गरज नाही, उलटं करून बघा. नेहमीच्या सोनेरी पट्ट्यांच्या खाली पट्ट्यांची आणखी एक ओळ दिसते. या दुसऱ्या ओळीमुळे रस्ता ३१२ मेगाबाइटपर्यंत रुंद होतो. तुमच्या कॅमेऱ्याच्या स्लॉटमध्ये त्या ओळीला भेटणाऱ्या पिना नसतील, तर हेच महागडं कार्ड निमूटपणे यूएचएस-एकच्या वेगाने चालतं. बिघडत काही नाही, फक्त पैसे वाया. आणि दोन स्लॉटचे काही कॅमेरे असे आहेत, की त्यातला एकच स्लॉट यूएचएस-दोन असतो. दोन्हीकडे एकदम फोटो लिहायची सेटिंग ठेवली, की धिम्या स्लॉटची गती सगळ्यांची गती.

पक्ष्यांच्या फोटोंत हा फरक डोळ्यांना दिसतो. समजा एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने जशीच्या तशी ठेवलेली फोटोची फाइल, २५ मेगाबाइटची आहे आणि कॅमेरा सेकंदाला दहा फोटो काढतो. खंड्या फांदीवरून सुटला, तुम्ही तीन सेकंद बटण दाबून धरलंत. तीस फोटो, साडेसातशे मेगाबाइट. एवढं बहुतेक एसडी कार्डं तीन सेकंदांत ऐन वेळी गिळत नाहीत, म्हणून कॅमेरा ते आधी आपल्या बफरमध्ये, म्हणजे आतल्या तात्पुरत्या जागेत साठवतो आणि तिथून कार्डावर ओतत राहतो. नळ फुल्ल सोडलाय आणि मोरी बारीक, असा प्रकार. कार्ड सेकंदाला ७५ मेगाबाइट लिहीत असेल तर मोरी रिकामी व्हायला दहा सेकंद, २५० लिहीत असेल तर तीन. बफर भरला की बटण दाबूनही कॅमेरा अडखळत एखाद-दुसरा फोटो काढतो, आणि मागचा छोटा लाल दिवा लुकलुकत राहतो. खंड्या तेवढ्यात पाण्यात सूर मारून, मासा घेऊन, फांदीवर आपटून, गिळून मोकळा. जो एकेक फोटो शांतपणे काढतो त्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नाही. निसर्गदृश्यं काढणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी यूएचएस-दोन घेऊच दिलं नाही.

ए१ आणि ए२ ही चिन्हं निराळ्याच कामाची. वरचे सगळे वेग सलग लिहिण्याचे होते. फोनमध्ये अ‍ॅप कार्डावर ठेवलं किंवा गेम कार्डावरून चालवला, तर यंत्र इथला एक तुकडा, तिथला एक तुकडा, असं हजारो बारीक ठिकाणी वाचत-लिहीत असतं. ए१ कार्ड सेकंदाला किमान १५०० वेळा असं वाचतं आणि ५०० वेळा लिहितं, ए२ कार्ड ४००० आणि २००० वेळा. ए२चा पूर्ण फायदा मिळायला यंत्रालाही ती पद्धत यावी लागते, नाहीतर त्याचं ए१ होतं. कॅमेऱ्यासाठी ही चिन्हं नसली तरी चालतात. भाच्याच्या गेमसाठी मात्र दोनशेपेक्षा याच चिन्हाला महत्त्व होतं, आणि त्याने ते बघितलंच नव्हतं.

यापुढची पायरी एक्सप्रेस कार्डांची. त्यांत कॉम्प्युटरमधल्या एसएसडीचं, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कचं तंत्र आहे. एसडी एक्सप्रेसचे नियम २०१८मध्ये आले, पण बरीच वर्षं ते कार्ड घालायला यंत्रच नव्हतं. २०२५मध्ये निन्टेन्डो स्विच २ आला आणि त्याने गेम साठवायला मायक्रोएसडी एक्सप्रेसच हवं असा नियम केला. साधं मायक्रोएसडी त्यात बसतं, पण त्यातून जुने स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ घेण्यापलीकडे काही करता येत नाही. दिसायला दोन्ही कार्डं सारखीच, त्यामुळे चुकीचं घेऊन घरी येणारे पुष्कळ असणार. मोठ्या कॅमेऱ्यांत सीएफएक्सप्रेस. त्यात टाइप ए लहान, बी मधलं, सी सगळ्यात मोठं, आणि तिन्ही एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत. टाइप बीचं माप एक्सक्यूडी या जुन्या कार्डाचंच, त्यामुळे काही एक्सक्यूडी कॅमेरे फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्राम बदलून बी घ्यायला लागले. माझ्याकडे यातलं काही नाही. कार्डाची किंमत लेन्सशी बरोबरी करायला लागली की मी तिथून उठते.

आयुष्याबद्दल कोणी विचारत नाही, पण विचारायला हवं. कार्डातल्या फ्लॅश चिपच्या एका पेशीत पूर्वी एकच बिट ठेवायचे, मग दोन, आता तीन आणि चार. जितकी जास्त बिटं कोंबावीत तितकी पेशी लवकर झिजते. फोटोंसाठी याची चिंता नको, आपण तेवढं लिहीतच नाही. पण गाडीत बसवलेला कॅमेरा रात्रंदिवस त्याच कार्डावर गोल गोल लिहीत असतो. तिथे 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्डच घ्यावं, त्याचा वेग कमी असला तरी. आणि कार्ड भरून कपाटात ठेवणं म्हणजे फोटो जपणं नव्हे. पेशीत अडकवलेला विद्युतभार हळूहळू गळतो. कॉपी दुसरीकडे असलीच पाहिजे.

बनावट कार्डांची तऱ्हा ऐका. कार्डाची क्षमता यंत्राला सांगतो तो आतला कंट्रोलर, आणि त्याला खोटं बोलायला शिकवता येतं. आत १६ जीबी, सांगतो २५६. पहिले १६ जीबी सगळं छान चालतं. पुढचं लिहिलेलं कुठेच जात नाही, किंवा आधीच्यावर जाऊन बसतं, आणि फाइलींची नावं मात्र यादीत दिसत राहतात. यावर उपाय एकच, अख्खं कार्ड भरून परत वाचून बघायचं. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ हे फुकट प्रोग्राम तेच करतात. १२८ जीबी कार्ड सेकंदाला ३० मेगाबाइटने भरायला तासाहून जास्त लागतो, परत वाचायला आणखी थोडा वेळ. मी नवं कार्ड आणलं की रात्री हे लावून झोपते. मात्र १२८चं कार्ड कॉम्प्युटरवर ११९ दिसलं म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या पटीत, बाकी काही नाही.

रीडरचं राहिलंच. यूएचएस-दोन कार्ड घेऊन ते जुन्या यूएचएस-एक रीडरमध्ये घातलंत तर फोटो उतरवायला तेवढाच वेळ लागणार. यूएचएस-दोन मायक्रोएसडी साध्या अडॅप्टरमध्ये घातलं तरी तेच, कारण त्या अडॅप्टरला दुसरी ओळ नसते. आणि रीडर यूएसबी २च्या पोर्टला लावला असेल तर कुठलंही कार्ड घाला, सेकंदाला चाळीस मेगाबाइटच्या आसपासच घुटमळणार. भाच्याने शेवटी शंभरवालं, ए२चं घेतलं. आता त्याच्या बाबांना गाडीतल्या कॅमेऱ्यासाठी हवंय, आणि त्यांनी मला २५६ जीबीच्या एका कार्डाचा फोटो पाठवलाय ज्यावर कंपनीचं नावच नाही.